साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

फराळाचे ताट समोर असताना खुनाच्या खटल्याची गोष्ट काढू नये, असे जुनी माणसे सांगत. ती काही खोटे सांगत नसत. पण दिवाळी अंक हा घरातली सारी माणसे वाचतात, आजोबांपासून कॉलेजात जाणाऱ्या नातीपर्यंत. आणि आजचा विषय असा आहे, की तो घरातल्या सर्वांनी मिळून एकदा बोलून घ्यावा. म्हणून वाचकांची क्षमा मागून तो येथेच काढतो.

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा न्यायालयाने कोपर्डी खटल्यातील तिघाही आरोपींना दोषी ठरवले. कोपर्डी हे कर्जत तालुक्यातले लहानसे गाव. १३ जुलै २०१६ च्या संध्याकाळी नववीत शिकणारी एक मुलगी आजोबांच्या घरी मसाला आणायला गेली आणि परत आलीच नाही. अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. तिचे नाव मी लिहीत नाही. कायद्यालाही ते मान्य नाही आणि मनालाही नाही.

पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला तेव्हाच्या औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मोठा मूक मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून लाखालाखांनी माणसे रस्त्यावर आली. पुढे मुली चालत होत्या. आरक्षणाच्या आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याच्या मागण्या होत्या. पण साऱ्यांच्या ओठांवर कोपर्डीचेच नाव होते. २९ नोव्हेंबर २०१७ ला न्यायाधीश सुवर्णा केवले यांनी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली, त्या दिवशी न्यायालयाबाहेर गर्दी आणि भोवती पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता.

आमच्या सोसायटीतही त्या संध्याकाळी बाकड्यावर हीच चर्चा होती. “बरे झाले हो, त्या माउलीच्या जिवाला थोडा तरी विसावा,” असे समोरच्या काकू पदराने डोळे टिपत म्हणाल्या. एक निवृत्त गृहस्थ मात्र अजून संतुष्ट नव्हते. “भर चौकात लटकवायला हवे! अहो, खटला हवाच कशाला?” असे ते काठी आपटून म्हणाले, आणि चारदोन माना डोलल्या.

या रागाला मी नावे ठेवणार नाही. लेकीबाळी असलेल्या माणसाला असल्या बातमीने राग आला नाही, तर तो माणूस कसला? पण ‘खटला हवाच कशाला’ या बोलण्याशी मात्र माझे भांडण आहे. २०१७ मध्ये खटला चालू असतानाच न्यायालयाच्या आवारात त्या आरोपींवर हल्ल्याचा प्रयत्न झाला होता. तो साधला असता तर मारणाऱ्यांवर दुसरा खटला उभा राहिला असता, आणि ‘हे दोषी आहेत’ असे न्यायालयाच्या तोंडून ऐकणे त्या आईच्या नशिबी कधीच आले नसते.

तो निकाल आला कशामुळे? मोर्चांमुळे खटल्याला गती आली असेल, पण मोर्चा काही पुरावा नव्हे. हा खटला बहुतांशी परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. असा पुरावा म्हणजे साखळी. एकाने कोणाला कुठे पाहिले, दुसऱ्याने काय ऐकले, तिसऱ्याने काय तपासले, अशी एकेक कडी जोडावी लागते, आणि एक निसटली तरी साखळी तुटते. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी ३१ साक्षीदार तपासले. त्यांत पोलिस आणि डॉक्टर होते, तशी घरची माणसेही होती. ही माणसे पिंजऱ्यात उभी राहिली, उलटतपासणीला तोंड देती झाली आणि आपल्या शब्दाला चिकटून राहिली. फाशीच्या दोराची चर्चा घरोघर झाली. या ३१ जणांची कोणी केली?

आता त्याच पंधरवड्यातली दुसरी गोष्ट ऐका. कोपर्डीचे आरोपी दोषी ठरल्यावर पाचव्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, नगरच्याच न्यायालयात आणखी एक निकाल लागला. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावचा, शाळेत शिकणारा १७ वर्षांचा एक दलित मुलगा २८ एप्रिल २०१४ रोजी मारला गेला होता. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावरचा संशय. खटल्यात साक्षीदार उलटले आणि सारे आरोपी सुटले. न्यायालयाने ज्यांना सोडले त्यांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण मग त्या पोराला मारले कोणी? हा प्रश्न त्याच्या बापाने विचारला, दलित संघटनांनी विचारला. आमच्या बाकड्यावर मात्र त्या संध्याकाळी भाजीच्या भावाची चर्चा चालली होती.

तिसरी गोष्ट त्याच जिल्ह्यातली, नेवासे तालुक्यातल्या सोनईची. १ जानेवारी २०१३ रोजी तेथे मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. जिल्ह्यात दबाव येईल अशी तक्रार होती, म्हणून तो खटला नाशिकला नेण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये सहा जण दोषी ठरले आणि त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. खर्ड्याला साक्षी फिरल्या, सोनईचा खटला लांब नेला तेव्हा तडीस गेला. कायद्याचे पुस्तक दोन्हीकडे एकच होते.

मला वाटते, या तीन निकालांत आपल्या समाजाचा आरसा आहे. ज्या लेकराच्या मागे मोठा समाज उभा राहतो, त्याच्या साक्षीदाराला धीर मिळतो. ज्याच्या मागे गावात चार घरेच असतात, त्याच्या साक्षीदाराला रोज आरोपींच्या दारावरून पाणी आणायला जावे लागते. अशा वेळी जीभ टाळ्याला चिकटली, तर त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. लोकांचा राग जात पाहून जागा होत असेल, तर न्यायही जात पाहून मिळू लागेल. आणि मग तो न्याय उरणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य केली आणि ती देशभर लागू केली. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेतही राज्यांनी अशी योजना करावी, असे कलम आहे. हे चांगले झाले. पण दारावरचा शिपाई किती दिवस पुरणार? शेजार पाठीशी असेल तरच माणूस खरे बोलतो.

आणि शेजार म्हणजे आपणच की! भर चौकात फाशी मागणाऱ्या त्याच गृहस्थांच्या खिडकीखाली मागे एक स्कूटरवाला धडक बसून पडला होता. हवालदाराने पंच म्हणून दोन माणसे मागितली, तेव्हा खिडकी बंद झाली. “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” असे ते नंतर मला समजावून सांगत होते. ही म्हण बांधाच्या दोन हातांसाठी भांडणाऱ्या भाऊबंदांकरिता झाली असावी. पाहिलेले सांगायला बोलावलेल्या माणसाकरिता ती नव्हे. शहाणे जर पायरी चढले नाहीत, तर पिंजऱ्यात उभे राहायचे कोणी?

फाशीचे म्हणाल, तर ती सत्र न्यायालयात संपत नाही; उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. कोपर्डीच्या तिघांपैकी एकाने २०२३ मध्ये येरवडा कारागृहात गळफास घेतला. जे दोराचीच वाट पाहत होते, त्यांच्या हाती यातून काय लागले, ते त्यांनीच सांगावे.

म्हणून या सुट्टीत सारे घर एकत्र जमले असताना एक गोष्ट ठरवून टाकावी. उद्या आपल्यापैकी कोणी काही पाहिले आणि बोलावणे आले, तर घरच्यांनी त्याला ‘कशाला त्या भानगडीत पडतोस’ असे म्हणायचे नाही. त्याच्याबरोबर एकाने न्यायालयापर्यंत जायचे, आणि तारीख पडली तर पुन्हा जायचे. पाहिलेले माणूस कोणत्या जातीचे होते, हे मात्र कोणी विचारायचे नाही.