कुंभाची कामं संपण्याआधी सायकलींसाठी जागा मागा

इंदिरानगरच्या रहिवाशांनो,

सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. त्यासाठी शहरातले रस्ते, चौक आणि वाहनतळांची कामं होत आहेत. एकदा काँक्रीट पडलं, दुभाजक बसले, की पुढच्या कुंभापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. भाड्याच्या सार्वजनिक सायकलींसाठी जागा हवी असेल, तर ती आत्ताच आणि लेखी मागायला हवी.

अशी योजना नाशिकला नवी नाही. स्मार्ट सिटीच्या काळात सायकली आल्या, काही दिवस हौसेनं फिरल्या आणि बंद पडल्या. तेव्हापासून ‘नाशिककरांना सायकल नकोच’ असं ऐकू येतं. मला ते मान्य नाही. याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. त्यांचा अभिमान आहेच. पण माझी काळजी वेगळ्या माणसाची आहे. सिटीलिंक बसच्या थांब्यावर उतरून घरी चालत जाणारा विद्यार्थी, राजीवनगरहून चार घरची कामं करत फिरणारी बाई, पाथर्डी फाट्याकडे पाळीला निघालेला कामगार. दोन-तीन किलोमीटरसाठी यांना रिक्षा परवडत नाही आणि दुचाकीचा हप्ता झेपत नाही. बाकीचे आपण तेवढ्याच अंतरासाठी गाडी काढतो आणि इंदिरानगरच्या बोगद्यात अडकून पडतो.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलू. सायकल विकत घेणं हा त्यातला सोपा भाग. खरा पैसा जातो तो पंक्चर, चेन, ब्रेक, कुलपं, माणसांचे पगार आणि भरलेल्या स्टँडवरून रिकाम्या स्टँडवर टेम्पोनं सायकली नेण्यात. एवढं सगळं भाड्यातून सुटत नाही. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला अशाच योजनेची मोठ्या उत्साहानं सुरुवात झाली. पाठोपाठ मोडतोड आणि चोऱ्याही सुरू झाल्या. ओफो ही भाड्यानं सायकली देणारी चिनी कंपनी तर २०१८ मध्येच भारत सोडून गेली. गुंतवणूकदारांच्या पैशावर आलेली सायकल तो पैसा आटला की जाते. म्हैसूरनं जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ सुरू केली ती सार्वजनिक निधीच्या आधारानं, आणि सायकल ठरलेल्या स्टँडवरून घ्यायची, स्टँडवरच लावायची या शिस्तीनं. पॅरिसमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘वेलिब’च्या हजारो सायकली पहिल्या दोन वर्षांतच चोरीला गेल्या किंवा मोडल्या. तरी त्या शहरानं योजना सोडली नाही.

तोटा सिटीलिंकलाही होतो. म्हणून बस बंद करा, असं आपण म्हणत नाही. सायकलही त्याच हिशेबात धरा.

म्हणून मागणी नेमकी करा. सगळ्या शहरासाठी एकदम नको. आधी इंदिरानगरात मोजके स्टँड द्या. ते जॉगिंग ट्रॅकपाशी फिरायला येणाऱ्यांसाठी नकोत, बसथांब्यालगत हवेत: रथचक्र चौक, वडाळा-पाथर्डी रस्ता, पाथर्डी फाटा. स्मार्टफोन नसलेल्यांना रोख पैसे देऊन पास मिळावा. दुरुस्तीचा कारागीर आणि त्याचा पगार कंत्राटातच लिहिलेला असावा. किती सायकली चालू, किती नादुरुस्त, किती खर्च झाला, हे महापालिकेनं दर महिन्याला जाहीर करावं. आणि बोगद्यातून सायकलस्वाराला सुरक्षित वाट हवी. ती नसेल तर बाकीच्या मागण्यांना फारसा अर्थ उरत नाही.

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना माझी कळकळीची विनंती आहे. या रविवारी सभासदांना बोलवा. रोज कोण सायकल वापरेल त्यांची नावं लिहून घ्या, फाटकाबाहेर स्टँडपुरती जागा देता येईल का ते ठरवा आणि तसा ठराव करा. ठरावाची एक प्रत प्रभागातल्या लोकप्रतिनिधींना द्या. दुसरी महापालिकेच्या राजीव गांधी भवनात आयुक्तांच्या नावे द्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.