टँकरपलीकडचं गाणं

शादे या ब्रिटिश गायिकेचा ‘लव्हर्स रॉक’ हा अल्बम नोव्हेंबर २००० मध्ये आला, आठ वर्षांच्या शांततेनंतर. सगळा प्रेमाचा. पण त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘इमिग्रंट’ आहे आणि एकाचं ‘स्लेव्ह साँग’. परक्या देशात आलेला माणूस आणि गुलामी, दोन्ही प्रेमगीतांच्याच रांगेत, त्याच मऊ आवाजात.

अल्बमचं नाव तिनं उसनं घेतलं ते १९७० नंतरच्या लंडनमधल्या रेगेच्या एका हळव्या शाखेकडून. १९७५ मध्ये तिथलं पहिलं गाजलेलं गाणं लुईसा मार्कनं गायलं, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. ही गाणी गाणाऱ्या मुली कॅरिबियन बेटांवरून आलेल्या घरांतल्या. रस्त्यावर पोलीस अडवत, क्लबच्या दारातून परत पाठवत. मग घरातलंच सामान भिंतीला सरकवून, मोठे स्पीकर लावून नाच व्हायचा. बंडाचा रेगे भारदस्त ठरला. मुलींनी गायलेलं प्रेम हलकं ठरलं. कोणी ठरवलं?

हाच प्रश्न शहापूर तालुक्यातल्या खर्डीत विचारायला हवा. उन्हाळा आला की या तालुक्यातून बातमी येते ती टँकरची आणि हंड्याची. तानसा, भातसा ही धरणं याच तालुक्यात, पाणी मुंबईला. ही बातमी दर वर्षी द्यायलाच हवी, ठणकावून द्यायला हवी. पण हंडा उचललेल्या त्या बाईकडून आम्हाला दुसरं काही ऐकायचंच नसतं. माइक पुढे होतो तो व्यथेसाठी. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, मंचावर बोलावतो तेही जल, जंगल, जमिनीसाठी.

इथल्या वारली आदिवासींचं लग्न धवलेरी लावते. बाईच लावते, आणि गाऊन लावते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी जोडप्याचाही संसार असतो. रुसणं असतं, वाट पाहणं असतं. बातमीत ते मजूर म्हणून येतात. नवरा-बायको म्हणून येत नाहीत. वंचिताचं दुःख तेवढं खरं आणि त्याचं प्रेम खासगी, ही वाटणी आम्ही लिहिणाऱ्यांनी केली. तीही अन्यायच आहे.

येत्या लग्नसराईत पाड्यावर जाणाऱ्या बातमीदारानं टँकरच्या फेऱ्या जरूर मोजाव्यात. मग शेवटची लोकल गाठायची घाई न करता रात्री मांडवात बसावं. धवलेरी गायला लागली की वही मिटू नये.