सव्वा महिना थांबू नका

दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की घरात पहिला शोध सुरू होतो तो सुनेच्या चुकीचा. ग्रहणात भाजी चिरली असेल, सुई हातात धरली असेल! अहो, बाळाचा वरचा ओठ जुळतो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा कितीतरी जणींना दिवस गेल्याचंही नीट ठाऊक नसतं. ग्रहणाचा आणि विळीचा इथे काडीचा संबंध नाही.

दुसरं कारण आपल्या जैन घरांतलं. ‘पूर्वकर्माचा उदय, भोगायलाच हवा.’ पुरुषार्थाने कर्माची निर्जरा होते असं सांगणाऱ्या धर्माचं नाव हातावर हात ठेवून बसायला वापरायचं? स्वतःला ताप आला की गोळी घेताना कर्म कुठे जातं?

पण खरा घात करतो तो सव्वा महिना. बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, आणि असं बाळ असेल तर झाकूनच ठेवायचं. नेमके तेच दिवस मोलाचे असतात. जन्मानंतरचे काही आठवडे नाकाची कूर्चा मऊ असते, वळवाल तशी वळते. टाळूचा ठसा घेऊन डॉक्टर ॲक्रिलिकची छोटी प्लेट करतात, ओठावर चिकटपट्ट्या लावतात, पुढे नाकपुडीला आधार जोडतात. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी प्लेट कुठे घासून, कुठे भरून हिरड्यांमधली फट हळूहळू कमी करतात. मग तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास ओठाची शस्त्रक्रिया होते. प्लेटीशिवायही ती होते, सगळेच डॉक्टर प्लेट सांगत नाहीत. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, शेजारणीला नको. त्यासाठी बाळ पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर जायला हवं.

‘ऑपरेशन तर फुकट होतं,’ असं म्हणणाऱ्यांनाही एक विचारते. स्माईल ट्रेनसारख्या संस्थांमुळे ते होतं, खरं आहे. पण खेड्यातून दर आठवड्याला बेळगाव गाठायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? आपल्याकडे पंचकल्याणकात कलशाच्या बोल्या लाखांत जातात. चार दानांतलं औषधदान मात्र प्रवचनातच राहतं. गावागावातल्या महिला मंडळांनी अशा एकेका आईचा चार-पाच महिन्यांचा प्रवासखर्च उचलावा. आणि घरातल्या थोरल्या बायकांनी आधी दार उघडावं. सुनेला दोष देणारं तोंड मिटायला तर पैसाही लागत नाही.