फुगे, सामोसे आणि रजिस्टरवरची सही

परवा नाइट संपवून घरी निघाले होते, तेवढ्यात निरोप आला, "सिस्टर, अकरा वाजता ट्रेनिंग आहे. कंपल्सरी." नाइट संपते सकाळी आठला. म्हणजे तीन तास चेंजिंग रूममध्ये भिंतीला टेकून काढायचे. काढले. विषय होता सुई टोचण्यापासून बचाव. आणि यावेळी म्हणे सेशन 'इंटरेस्टिंग' करणार होते, कारण मागच्या वेळी सिस्टर लोक पेंगल्याची तक्रार वरपर्यंत गेली होती.

इंटरेस्टिंग म्हणजे काय, तर फुगे! शेजारणीच्या पायाला बांधलेला फुगा फोडायचा. मग टाळ्या. मग चाळीस स्लाईड्स, सगळ्या इंग्रजीत. शेवटी सामोसा आणि रजिस्टरवर सही.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला जरा मजा म्हणून करवत नाही. (आमच्या आत्या तर नक्कीच म्हणतील :) ) खेळाला माझा विरोध नाही हो. राग आहे तो त्यामागच्या समजुतीचा. सिस्टरांना शिकण्यात रस नाही, म्हणून त्यांना बालवाडीसारखं रमवावं लागतं, ही ती समजूत. अहो, त्या पेंगतात कारण रात्रभर जाग्या असतात!

स्लाईडवरचं सगळं बरोबर होतं. सुईला टोपण परत लावू नका. पांढऱ्या डब्यात टाका. टोचली तर पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्ही टाळायची औषधं लागलीच तर शक्यतो २ तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू झाली पाहिजेत. आम्हाला हे झोपेतही म्हणता येतं.

पण मागच्या वर्षी आमच्या वॉर्डातल्या एका मुलीला सुई टोचली. नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. तिने कोणालाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती मला लिननच्या खोलीत रडताना सापडली. ७२ तास संपायला फार वेळ उरला नव्हता. तशीच हाताला धरून खाली नेली. पुढे सगळे रिपोर्ट चांगले आले, पण ते महिने तिने कसे काढले ते मी पाहिलंय.

का नाही सांगितलंस? "मेमो मिळेल ना, सिस्टर."

टोचली कशी? टोपण लावताना. आणि टोपण का लावत होतीस? कारण पांढरा डबा वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला, दारामागे. उघडी सुई घेऊन वीस खाटा ओलांडायच्या कशा?

या मुलीचं ट्रेनिंग झालेलं होतं. रजिस्टरवर सही आहे. टेस्टमध्ये दहापैकी दहा!

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे हे ट्रेनिंग नोकरीला लागताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी द्यावंच लागतं. हेतू चांगलाच आहे. पण तपासायला येणारा माणूस सही बघतो, डबा कुठे ठेवलाय ते बघतोच असं नाही. म्हणून आपणही सह्या गोळा करतो.

त्या प्रसंगानंतर इन्चार्ज सिस्टरांना विचारून मी एक करून पाहिलं. दुपारी दोनच्या ओव्हरला दोन्ही शिफ्टच्या मुली हजर असतात. पंधरा मिनिटं, ड्युटीतच धरलेली. स्लाईड नाही, आपली नेहमीची ट्रे समोर. आधी मी माझं सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मलाही टोचली होती आणि मीही लपवली होती. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकेक जण बोलू लागली. कोणी पेंगलं नाही, फुगाही लागला नाही. दुसऱ्या दिवशी डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीवर आला.

"स्टाफ कमी आहे, वेळ कुठून आणायचा?" असं ऑफिसवाले म्हणतात. स्टाफ कमी आहे हे खरंच. मग दोन तासांचे फुगे कसे परवडतात? छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. हे स्लाईड वाचून हाताला येतं का? बाहुलीवर घाम निघेपर्यंत दाबावं लागतं. वॉर्डात बाहुली आणा, पाच-पाच जणींना बोलवा. मराठीत बोला. आणि चूक सांगणारीला मेमो देऊ नका. एवढं केलंत तर रस आपोआप येतो.

परवा मी हात वर करून विचारलं, "बाकीच्या वॉर्डांतले डबे अजून दारामागेच का आहेत?" उत्तर मिळालं, "सिस्टर, प्रश्न शेवटी घेऊ."

शेवटी सामोसे आले.

असो. सही करून आले. पुढच्या वेळी पुन्हा हात वर करणार आहे.