‘मुलीच त्या!’ म्हणून सोडू नका

मैत्रिणींनो, मी मुलींच्या गणिताच्या शिकवण्या घेते. एखादी मागे पडली की घरचे म्हणतात, ‘मुलींना कुठं जमतंय गणित!’ या वाक्याशी आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. पण त्याच्या आड काही मुलींची खरी अडचण झाकली जाते, हे फारसं बोललं जात नाही.

टर्नर सिंड्रोम फक्त मुलींमध्येच आढळतो. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्ण किंवा अर्धवट नसतं. हे १९५९ मध्ये कळलं. यात आईचा दोष नसतो, बापाचाही नसतो. या मुलींची उंची कमी राहते, बहुतेकींची पाळी आपणहून सुरू होत नाही. बुद्धी सहसा चारचौघींसारखीच असते, वाचन तर अनेकदा छान. गणितात मात्र पुष्कळजणी अडतात. पाढे पाठ असले तरी हिशेबाला वेळ लागतो, आकडे एकाखाली एक मांडताना चुकतात, भूमितीची आकृती डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

अशा मुलीला घरी ‘ढ’ म्हणतात. तिच्या उंचीची चौकशी होते ती थेट लग्नाच्या वेळी! खरं तर रक्तातल्या गुणसूत्रांच्या तपासणीतून निदान होतं. ते लहानपणीच झालं तर वाढीच्या संप्रेरकाचा उपयोग होतो, हृदय आणि मूत्रपिंडंही तपासून घेता येतात.

काहीजणी म्हणतील, गणिताचा संबंध गुणसूत्रांशी जोडणं म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणं. मला तसं वाटत नाही. या मुली अडतात त्या एक्स गुणसूत्र कमी असल्यामुळे, मुली असल्यामुळे नव्हे. ‘मुलींची बुद्धी कमी नाही’ हे ठणकावून सांगताना ‘हिला मदत हवी’ हेही आपल्याला म्हणता आलं पाहिजे.

मदत फार खर्चाची नाही. चौकटींची वही, प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत गणित सोडवणं, परीक्षेत जादा वेळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि तिच्या व्याख्येत गणिताची अक्षमताही. तेव्हा सवलत मागताना संकोच कशाला?

मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी असेल आणि गणितातच अडत असेल, तर तिला रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्या. कारण दुसरंच निघालं तरी बिघडलं काय? निदान तिच्याकडे कुणी नीट पाहिलं तरी!