पेठेत आधी पोचतो तो बीट मार्शल



‘डिफिब्रिलेटर चालवणे हे डॉक्टरांचेच काम, ते पोलीस, अग्निशमन जवान यांच्या हाती देऊ नये’ या आशयाचे पत्र वाचले. पत्रलेखकांची रुग्णाविषयीची काळजी खरी आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही.

हृदय अचानक थांबल्यावर छातीदाब मिळाला नाही, तर डिफिब्रिलेटरच्या विद्युतधक्क्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०१४पासून धावणारी १०८ रुग्णवाहिका मोलाचीच. पण संध्याकाळी टिळक रस्त्यावरून सदाशिव पेठेतल्या बोळात शिरताना तिचे काय होते, हे आम्ही रोज पाहतो. दुचाकीवर गस्त घालणारा पोलीस, म्हणजे बीट मार्शल, तिच्याआधी पोचू शकतो.

चुकीचा धक्का बसेल, ही भीतीही अनाठायी आहे. स्वयंचलित यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते, गरज नसेल तर धक्का देतच नाही आणि पुढची कृती बोलून सांगते. अमेरिकेतील रोचेस्टर शहराने १९९०मध्येच गस्तीवरच्या पोलिसांना अशी यंत्रे दिली.

नुसती खरेदी मात्र पुरेशी नाही. छातीदाबाचे नियमित प्रशिक्षण, मराठीत सूचना, बॅटरी व पॅडच्या मुदतीची नोंद हवी. यंत्र कुलूपबंद कपाटात राहिले, तर ते नसल्यासारखेच. पेरूगेट चौकीपासून सुरुवात करावी; विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्तातही हे यंत्र असावे. इथल्या वाड्यांत अनेक वृद्ध एकटे राहतात. त्यांच्यासाठी ही मिनिटे वाचवायलाच हवीत.

– एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०