तळ्यात मासे मेले तर लपवू नका



आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी फोटो येतोच. हातात मोठा कटला, मागं तळं आणि खाली अंगठ्यांची रांग. बघून आम्हालाही बरं वाटतं. पण बोटुकली किती सोडली, त्यातली किती निघाली, खाद्य किती लागलं, यातलं काहीच त्या फोटोत नसतं. आणि मासे मेल्याचा फोटो आजवर एकानंही टाकलेला नाही. मग आपल्याकडं मासे मरतच नाहीत का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. कलघटगीकडच्या एका सभासदाच्या तळ्यात, तीन-चार दिवस आभाळ भरलेलं असताना, पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागले. उजाडेपर्यंत निम्मे गेले. त्यांनी गुपचूप खड्डा काढून पुरले. आमच्या कानावर दुसऱ्याच दिवशी आलं. पण त्यांचं नाव खराब होईल म्हणून आम्हीही इथं लॅमिंग्टन रोडच्या ऑफिसात गप्प बसलो. चार दिवसांनी शेजारच्या गावात तेच झालं. तिथल्या अण्णांनी आदल्या संध्याकाळीच तळ्यात शेण टाकलं होतं. "एक फोन आला असता तर टाकलं नसतं," एवढंच ते म्हणाले. ती चूक आमची आहे.

कारण साधं आहे. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू कमी तयार करतं. रात्री मासे आणि शेवाळ दोघंही तो वापरतात, त्यात शेण कुजायला लागलं की आणखी संपतो. सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. अशा दिवसांत शेण आणि खाद्य बंद ठेवायचं, पहाटे पंपानं पाणी उडवायचं. हे ज्याला माहीत होतं त्यानं सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्याचं वर्ष गेलं.

लोक का लपवतात, तेही आम्हाला कळतं. एक म्हणजे लाज. दुसरं, माल कधी काढणार हे सांगितलं तर भाव पडेल अशी भीती. पण कुणी सांगत नाही म्हणूनच सगळे एकाच आठवड्यात जाळं टाकतात आणि भाव पडतो. तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही: बीज देणाऱ्याची उधारी. बीज कमजोर निघालं तरी पैसे बाकी असल्यामुळं तोंड बंद. एकट्यानं बोलणं अवघड आहे, मान्य. पण दहा जणांच्या नोंदीत तेच बीज कमी निघालं, तर बोलायला संस्था आहे.

आपला हा धंदाच सांगितलेल्या माहितीवर उभा आहे. पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचं बीज नदीतून गोळा करावं लागायचं, त्यात नको ते मासेही यायचे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं. ती रीत देशभर पोचली म्हणून आज आपल्याला मत्स्यजिरे विकत मिळतात. म्हणून तर १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. त्यांनी ती रीत दडवून ठेवली असती तर?

म्हणून संस्थेनं एक वही ठेवायचं ठरवलंय. बीज कुठून व कधी आणलं, किती सोडलं, किती निघालं, आणि मासे मेले तर कधी व हवा कशी होती, एवढंच लिहायचं. नाव नको असेल तर फक्त गाव सांगा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज टाका. रोज खाद्य टाकणाऱ्या घरच्या ताई-वहिनींनाही विचारा. मासे वर येईनात हे पहिल्यांदा त्यांनाच दिसतं.

वहीतलं पहिलं पान आम्हीच भरलंय, आमच्या गप्प बसण्याचं. दुसरं पान तुमच्यासाठी रिकामं आहे. ऑफिसला या, चहा घेऊ आणि लिहू.

आपले,
सचिव व संचालक मंडळ